केनियाचा ई-टीए खरा, ड्रोनची परवानगी बनावट: माझे 81,700 रुपये गेले

केनियातल्या मसाई मारा या वन्यजीवांच्या राखीव क्षेत्रात ड्रोन घेऊन निघालेल्यांनी हे वाचाच. 'व्हिसा प्लस ड्रोन परमिट' असं पॅकेज विकणारा एक एजंट वन्यजीव छायाचित्रणाच्या व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये फिरतोय. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे आणि तो नाव बदलतोही.

आधी हिशेब. चौघांचा व्हिसा माणशी 7,800 प्रमाणे 31,200. ड्रोनची परवानगी 28,500. वर 'परत मिळणारी सुरक्षा अनामत' 22,000. एकूण 81,700 रुपये, सगळे यूपीआयने.

यातला व्हिसा म्हणजे शुद्ध लूट. केनियाने जानेवारी 2024 पासून व्हिसा बंद करून ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन पूर्वपरवानगी, आणला. ऑनलाइन फॉर्म आपला आपण भरता येतो, मूळ शुल्क माणशी 30 डॉलर. म्हणजे चौघांचे 120 डॉलर, दहा-साडेदहा हजार रुपये. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याचा शेवट 'गो डॉट केई' असा असतो, तेवढं बघा. हुबेहूब तसल्याच दिसणाऱ्या खाजगी साइट शोधात आधी येतात आणि दुप्पट-तिप्पट घेतात. एजंटने तोच फॉर्म भरला आणि वरचे वीस हजार खिशात घातले.

पण ई-टीए खरा होता! अर्जाचा क्रमांक टाकून मी स्वतः तपासला. आता कळतंय की ते गळाला लावलेलं आमिष होतं. चार खरे कागद हातात ठेवणारा माणूस पाचवा खोटा देईल, हे कोणाच्या मनात येईल? मी काही डोळे मिटून पैसे दिले नव्हते. ग्रुपमधल्या दोघांना विचारलं होतं, दोघांनी 'काम चोख करतो' म्हणून सांगितलं. त्यांचंही कामच ई-टीएचं होतं, ड्रोनचं नव्हतं, हे त्यांनी सांगितलं नाही. एजंटचा हवाला घेताना नेमकं कोणतं काम केलं होतं ते विचारा.

तो क्षण मात्र अजून टोचतो. रात्री अकराच्या सुमारास त्याचा फोन. "दादा, परमिट मंजूर झालंय, फक्त अनामत भरायची राहिलीय. उद्या सकाळी फाइल बंद होते." पाठोपाठ क्यूआर कोड आला. स्कॅन केला तर कुठल्यातरी बाईचं नाव, कंपनीचं नाहीच. मी विचारलं, हे कोण? "आमच्या अकाउंटंट मॅडम." माझं बोट पिनवर थांबलं होतं. केनियाच्या सरकारची अनामत भारतातल्या एका बचत खात्यात कशाला जाईल? प्रश्न मनात आला होता, अगदी याच शब्दांत. पण विमान दोन दिवसांवर, माराचं बुकिंग पूर्ण भरलेलं, प्राण्यांच्या स्थलांतराचा हंगाम. रात्री अकराला कुठल्या सरकारी कचेरीत फोन लावून खात्री करणार होतो? त्याने वेळ नेमकी तीच निवडली होती. 22,000 गेले.

नैरोबीच्या विमानतळावर सामानाच्या स्कॅनमध्ये ड्रोन दिसला आणि बाजूला घेतलं. मी ऐटीत एजंटने दिलेलं परवानगीचं पत्र पुढे केलं. अधिकाऱ्याने ते वाचलं, सहकाऱ्याला दाखवलं आणि मला विचारलं, हे कुठून आणलंत? पत्र होतं केनिया वाइल्डलाइफ सर्व्हिसच्या, म्हणजे तिथली राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या नावाचं, त्यात मसाई मारात उड्डाणाची परवानगी. मसाई मारा हे राष्ट्रीय उद्यान नाही, राखीव क्षेत्र आहे आणि त्याचा कारभार नारोक काउंटीकडे, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारकडे आहे. ड्रोन देशात आणायचा तर आधी त्यांच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची मंजुरी लागते, त्याचा पत्रात उल्लेखच नाही. शिवाय ड्रोन माझ्या नावावर केनियात नोंदवल्याचं लिहिलेलं. तिथल्या 2020 च्या नियमांनुसार नोंदणी फक्त नागरिक, रहिवासी, नोंदणीकृत संस्था आणि सरकारी यंत्रणांना मिळते. पर्यटकाला नाहीच! म्हणजे जी वस्तू मिळूच शकत नाही ती त्याने मला विकली.

परक्या देशात बनावट सरकारी पत्र हातात घेऊन उभं राहणं काय असतं ते मी विसरणार नाही. बायको आणि मुलं काचेपलीकडे, आणि मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतोय. नशीब, त्या अधिकाऱ्याने माझं ऐकून घेतलं. ड्रोन जमा करून पावती दिली, परतताना तो परत मिळाला. दुसरा कोणी असता तर प्रकरण पोलिसांत गेलं असतं. भारतातला ड्रोनचा नोंदणी क्रमांक तिकडे कामाचा नाही, हेही लक्षात ठेवा. एजंटने तोही मागून घेतला होता.

परत आल्यावरची कथा याहून संतापजनक. पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवलेत ना? मग हा दिवाणी वाद." दुसऱ्या दिवशी वेगळे साहेब, वेगळं उत्तर: "गुन्हा केनियात घडला, तिकडे तक्रार द्या." अहो, पैसे इथून गेले, इथल्याच खात्यात जमा झाले, फोन इथला! मग सायबर पोलिसांकडे पाठवलं. सायबरने पुन्हा ठाण्याकडे. बँकेत तर पिन तुम्हीच टाकलात एवढं एकच वाक्य पाठ. ते खातं अजून चालू आहे का, एवढं तरी सांगा म्हटलं, तर गोपनीयता आडवी आली. चोराची गोपनीयता! माझ्या चौघांच्या पासपोर्टच्या प्रती त्याच्याकडे पडल्यात, त्याची चिंता कोणालाच नाही. ऑनलाइन तक्रारीचा क्रमांक मिळालाय, स्थिती कायम 'प्रक्रियेत'.

कोणी असं परतवून लावलं तर ऐकू नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 दाखवा, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. नकार दिला तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमानुसार पोलीस अधीक्षकांना टपालाने लिहा, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मी टपाल पाठवलंय, पोचपावती जपून ठेवलीय. आणि पैसे जाताच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, त्याच तासात. मला उशिरा कळलं, तोवर खातं रिकामं झालं होतं.

परवा त्याची जाहिरात पुन्हा दिसली, नंबर नवा, मजकूर तोच. ज्यांनी त्याच्याकडून ड्रोनचं पत्र घेतलंय त्यांनी ते आजच काढून बघा. वर वाइल्डलाइफ सर्व्हिसचं नाव आणि खाली 'मसाई मारा' असेल तर ड्रोन घरी ठेवा, पत्र विमानतळावर नेऊच नका, आणि यूपीआयच्या पावत्या घेऊन तक्रार करा. आपण चार-पाच जण एकत्र गेलो तर दिवाणी वाद म्हणून हाकलणं त्यांना सोपं जाणार नाही.