अडीचशे वॅटची ई-सायकल: रायबंदरला पास, पर्वरीच्या चढावर काठावर

पणजी ते जुने गोवे हा मांडवीकाठचा रस्ता जवळजवळ सपाट, साधारण 10 किलोमीटरचा. मागच्या चाकात 250 वॅटची हब मोटर असलेल्या सायकलला हा रस्ता मानवतो. रायबंदरच्या कॉजवेवर समोरून वारा आला तरी दम लागत नाही आणि ऑफिसात घामाने निथळत शिरावे लागत नाही. मे महिन्यात एवढा फायदाही पुष्कळ झाला. 250 वॅट आणि ताशी 25 किलोमीटरच्या मर्यादेत असल्यामुळे लायसन्स नाही, नंबर प्लेट नाही.

चढ लागला की हिशेब बदलतो. स्वारासकट वजन 100 किलो, चढ 6 टक्के, वेग ताशी 15 किलोमीटर धरला तर नुसते वर जायलाच 245 वॅट लागतात. पर्वरी किंवा आल्तिनो निव्वळ थ्रॉटलवर, म्हणजे पेडल न मारता फक्त मोटरच्या जोरावर, चढायला गेलात तर वेग पडतो आणि मोटर तापते. चढाआधीच हलका गिअर टाकून पाय चालू ठेवायचे. बिनगिअरचे मॉडेल टेकडीवर राहणाऱ्याने घेऊच नये, मग ते कितीही देखणे असो.

36 व्होल्ट, 10.4 अँपिअर-अवरच्या बॅटरीत सुमारे 374 वॅट-अवर मावतात. एका चार्जमध्ये थ्रॉटलवर 20-22 किलोमीटर, पेडल मारत 35च्या आसपास. जाहिरातीतला आकडा सर्वांत कमी असिस्टचा (पेडलला मोटरची मदत) असतो, तो विसरा. 2 अँपिअरच्या चार्जरने पाच-साडेपाच तास आणि जेमतेम अर्धे युनिट.

खरा घोळ पावसात. पाणी मोटरमध्ये शिरते ते बहुधा ॲक्सलमधून येणाऱ्या वायरीवरून ओघळत. वायर आधी खाली झुकवून मग वर वळवली की पाणी झुकावावरच गळून पडते. कनेक्टरच्या पिना खाऱ्या हवेने हिरव्या पडतात. त्यांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारे) ग्रीस लावा. सर्व्हिसिंगवाल्याला प्रेशरचा पाइप मात्र लावू देऊ नका. भर पावसात मोटर अचानक गप्प झाली तर आधी ब्रेक लिव्हरचा कट-ऑफ सेन्सर, म्हणजे ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा सेन्सर, बघा. तो अडकला की सायकलला वाटते ब्रेक दाबलेलाच आहे. भिजलेली बॅटरी काढून पुसायची, पूर्ण सुकल्यावरच चार्जिंगला लावायची.

पंक्चर हे दुसरे दुखणे. मागचे चाक न काढता टायरची एकच बाजू उचकटून ट्यूब बाहेर ओढता येते, तेवढेच करायला सांगा. चाक काढलेच तर टॉर्क वॉशर (ॲक्सलला फिरू न देणारा) पुन्हा त्याच खाचेत बसला पाहिजे आणि नट करकचून आवळले पाहिजेत. ते सैल राहिले तर ॲक्सल स्वतःच फिरतो, वायर पिळून तुटते आणि मोटर उघडण्याचा खर्च अंगावर येतो.

घेण्याआधी दुकानात दोनच गोष्टी विचारा: बॅटरी काढून घरात नेता येते का, आणि तीच बॅटरी तीन वर्षांनी सुटी मिळेल का.