डावं पान, उजवं पान: एका आत्मपरीक्षण वहीसोबत नव्वद दिवस

चर्चमध्ये महिन्यातून दोनदा शास्त्रवाचन, म्हणजे बायबलचा भाग वाचणं, माझ्याकडे असतं. संडे स्कूलचा एक वर्ग मी घेते आणि उपासनेत प्रार्थनेच्या विनंत्याही मीच वाचून दाखवते. म्हणजे दर रविवारी लोकांसमोर उभं राहून मी पुष्कळ चांगलं बोलते. त्यातलं सोमवार ते शनिवार किती उरतं, हा प्रश्न बरेच दिवस छळत होता, म्हणून ही वही मागवली. नव्वद दिवस रोज वापरली, मगच लिहायला बसले आहे. प्रकाशकाचं नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रारही आहे आणि ती आता मिटली आहे.

वहीची रचना अगदी साधी. उघडली की एका दिवसाची दोन पानं समोर. डाव्या पानावर आठ ओळी, वर छापलंय ‘आज मी काय बोललो’. उजव्या पानावर बरोबर त्याच उंचीवर आठ ओळी, वर ‘त्याचं काय झालं’, आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला तारखेसाठी छोटी चौकट. डावीकडे रात्री लिहायचं: कोणाला काय शब्द दिला, देवाला काय म्हटलं, दुसऱ्याला काय उपदेश केला. उजवीकडची ओळ काम होईपर्यंत कोरी ठेवायची. बस्स. बाकी वहीत पुष्कळ काही आहे, पण खरं काम या दोन पानांचंच.

ही कल्पना वहीवाल्यांनी शोधलेली नाही आणि तसा त्यांचा दावाही नाही. सोळाव्या शतकात स्पेनचे संत, लोयोलाचे इग्नेशियस यांनी आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी रेघा आखून, दिवसातून दोनदा स्वतःला तपासून त्यावर खुणा करायला सांगितलं होतं. १७२९पासून ऑक्सफर्डमध्ये इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली आणि त्यांचे सोबती स्वतःला ठरावीक प्रश्न विचारत असत. प्रस्तावनेत हे दोन्ही थोडक्यात आलंय, आणि बरं झालं आलं. आपण काही नवीन फॅशन करत नाही, जुन्या वाटेवर आहोत, एवढा धीर त्यातून येतो.

पहिल्या रविवारी रात्री डाव्या पानावर माझ्या सात ओळी भरल्या. तीन ओळी एकच वाक्य होतं: ‘तुमच्यासाठी प्रार्थना करते.’ तीन वेगवेगळ्या माणसांना म्हटलेलं. एक ओळ संडे स्कूलमधल्या मुलीला दिलेल्या शब्दाची, की पुढच्या वेळी गोष्टीचं पुस्तक आणते. आणि एक ओळ एका काकूंसाठी. त्यांचं डायलिसिस सुरू झालंय. उपासना संपल्यावर त्यांचा हात हातात घेऊन मी म्हटलं होतं, ‘काही लागलं तर सांगा, मी आहे.’

हे वाक्य कागदावर लिहिल्यावर कसं दिसतं ते मी आधी कधी पाहिलंच नव्हतं. ‘काही लागलं तर’ म्हणजे काय? सांगायचं काम कोणाचं? आजारी माणसाचं. मी काहीच कबूल केलं नव्हतं, पण ऐकणाऱ्याला आणि मलासुद्धा वाटलं की केलं. चार रात्री समोरची ओळ कोरी राहिली. पाचव्या दिवशी फोन केला. काकू म्हणाल्या, ‘प्रार्थना तर करच गं. पण मंगळवारी माझ्याबरोबर यायला कोणी आहे का बघ.’

बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात अगदी हेच आहे. उघड्या, उपाशी भावाबहिणीला ‘सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा’ म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर त्याचा उपयोग काय? हा भाग मी चर्चमध्ये मोठ्याने, शब्द न् शब्द स्पष्ट उच्चारून वाचलेला आहे. एकदा तर नंतर कोणीतरी म्हणालंही, की किती छान वाचलंत.

मंगळवारी गेले. चार तास. काकूंच्या डाव्या हातात दोन सुया, तो हात उशीवर जराही न हलवता ठेवलेला, नळ्यांमधून रक्त यंत्रात जाऊन परत येतंय. पहिला अर्धा तास काय बोलावं ते मला सुचेना. त्या म्हणाल्या, ‘बोलू नकोस, नुसती बस. पाठीमागची चादर तेवढी नीट कर.’ त्या रात्री उजव्या पानावर त्या ओळीसमोर मी तारीख लिहिली. डायलिसिस आठवड्यातून तीनदा असतं, हेही मला त्याच दिवशी नीट कळलं. म्हणजे माझ्या ‘मी आहे’ला आठवड्यात तीन तारखा होत्या. एक मी घेतली. उरलेल्या दोन दिवसांसाठी विनंत्यांच्या यादीत ‘काकूंसाठी प्रार्थना’ याच्या जागी ‘काकूंबरोबर गुरुवारी आणि शनिवारी कोण जाईल?’ असं वाचलं. दोघं पुढे आले. आधी कधीच कोणी आलं नव्हतं, कारण आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

या एका गोष्टीसाठी वहीला पैकीच्या पैकी.

आता जे जमलेलं नाही ते. प्रत्येक आठवड्याच्या शेवटी एक चौकट आहे: किती ओळी पूर्ण झाल्या ते मोजा आणि तेवढे तारे रंगवा. हे फार चुकीचं आहे. तिसऱ्या आठवड्यात माझे सगळे तारे रंगले होते. खूश होऊन मागची पानं चाळली तेव्हा लक्षात आलं की डाव्या पानावर रोज एखादीच ओळ आहे. मी बोलणंच बंद केलं होतं. कोणी मदत मागितली की ‘बघू’ म्हणायचं, म्हणजे वहीत लिहावं लागत नाही. पाळकसाहेबांनी नवीन जबाबदारीचं विचारलं तेव्हाही ‘विचार करून सांगते’ म्हणून सुटले. उक्ती आणि कृती जुळवायचा हा सोपा रस्ता झाला: उक्तीच कमी करायची. तारे नसते तर मी इतक्या लवकर त्या रस्त्याला लागले नसते असं मला वाटतं.

शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या एकविसाव्या अध्यायातला तो मुलगा या वहीत मावतच नाही. बापाने दोघा मुलांना द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगितलं. एक ‘जातो’ म्हणाला आणि गेला नाही. दुसरा ‘नाही’ म्हणाला, मग त्याला वाईट वाटलं आणि तो गेला. येशूने विचारलं, बापाच्या इच्छेप्रमाणे कोणी केलं? या दुसऱ्या मुलाचं डावं पान काळं आणि उजवं भरलेलं. ते लिहायला वहीत जागा नाही. मी शेवटच्या दोन ओळी त्यासाठी राखून ठेवल्या: नाही म्हणाले होते पण केलं, किंवा न बोलता केलं.

‘न बोलता केलं’ यावरही अडखळले. वही दर दहा दिवसांनी एक चांगलं काम तीन ओळींत वर्णन करायला सांगते. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात दानधर्म करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नको म्हटलंय, आणि इथे स्वतःच्याच अक्षरात स्वतःची स्तुती लिहायची? ती पानं मी कोरी सोडली. उजवीकडे नुसती तारीख पुरते. तारीख लिहिताना मान ताठ होत नाही.

साठाव्या पानाच्या आसपास जक्कयावर, म्हणजे येशूला भेटून बदललेल्या श्रीमंत जकातदारावर, एक भाग आहे, आणि तो मला सगळ्यात उत्तम वाटला. बायबलच्या नियमशास्त्रात, गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात, अन्यायाची भरपाई म्हणजे मूळ रक्कम आणि वर एक पंचमांश. जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. वही म्हणते: हे बोलताना त्याने आकडा सांगितला, तुम्हीही सांगा. खाली चार रकाने: कोणाचं, काय, कसं परत करणार, कधी.

माझ्याकडे पैशाचं काही नव्हतं. पण ऑफिसमध्ये एका सहकाऱ्याने तयार केलेला तक्ता वरिष्ठांनी माझा समजून वाखाणला होता आणि मी ‘थँक यू’ म्हणाले होते. हसून. त्या रकान्यात ते लिहायला मला अकरा दिवस लागले. ‘कसं परत करणार’मध्ये आधी लिहिलं की त्याची माफी मागेन. मग खोडलं. तक्ता माझा म्हणून ज्या सहा जणांना ईमेल गेली होती त्याच सहा जणांना लिहिलं की तो याने केला आहे, माझा त्यात काही भाग नाही, आणि हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. तो सहकारी नंतर भेटला तेव्हा ‘बरं’ एवढंच म्हणाला. मनातून मला याहून जास्तीची अपेक्षा होती. तीही त्या रात्री डाव्या पानावर लिहिली.

देवाच्या कृपेने तारण, म्हणजे पापातून सुटका, होतं, मग कृत्यांचा हा हिशेब कशाला, असं आमच्यातल्या काहींनी विचारलं. प्रश्न खरा आहे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५२२च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत, कृत्यांवर भर देणाऱ्या याकोबाच्या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे हलकं, पत्र म्हटलं होतं, ते याच काळजीपोटी. वहीने इथे इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय घेतलाय, आणि नवव्या वचनावर न थांबता दहावंही दिलंय: तारण कृत्यांनी नाही, पण आपली निर्मिती सत्कृत्यांसाठी आहे. एका पानात इतकं स्वच्छ मांडलेलं मी क्वचित वाचलंय.

‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारे जॉन न्यूटन यांच्यावरचं पान मात्र खटकलं. १७४८च्या वादळात समुद्रावर त्यांनी देवाचा धावा केला आणि ते नवा मनुष्य झाले, असं लिहून गोष्ट संपवली आहे. त्या वादळानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारात राहिले, १७५० ते १७५४ या काळात गुलामांची जहाजं त्यांनी कप्तान म्हणून चालवली, हे वगळलंय. १७६४मध्ये ते पाळक झाले. त्या व्यापाराविरुद्ध आणि त्यातल्या स्वतःच्या वाट्याविरुद्ध जाहीर पुस्तिका लिहिली ती १७८८मध्ये. वादळापासून चाळीस वर्षं. डावं पान भरलेलं आणि उजवं इतकी वर्षं कोरं, असं यापेक्षा ठळक उदाहरण कुठे मिळणार? मला रडू आलं ते हे चाळीस वर्षांचं अंतर दुसरीकडे वाचून. वहीतलं गुळगुळीत पान वाचून नाही.

भाषा भाषांतराची आहे आणि जागोजागी ते जाणवतं. ‘आज तू कोणासाठी आशीर्वाद झालास?’ असं कोण बोलतं? ‘आज कोणाच्या उपयोगी पडलात?’ एवढं पुरलं असतं. शिवाय सगळं ‘झालास’, ‘बोललो’. वही वापरणाऱ्या बायका नसतात का?

कागद पातळ आहे. जेल पेनची शाई मागे उतरते आणि उजवं पान खराब होतं, साधं बॉलपेन वापरा. शिलाई दोऱ्याची असल्यामुळे वही टेबलावर सपाट उघडते, ही मोठी सोय.

आणि तक्रार. माझ्या पहिल्या प्रतीत ३३ ते ४८ पानं नव्हतीच, सोळा पानांचा अख्खा फर्मा बांधायचा राहिलेला. सदोष प्रत बदलून देऊ असं पहिल्याच पानावर छापलंय. मी लिहिलं. उत्तर आलं, ‘तुमच्या संयमासाठी आभार, प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो.’ प्रत नाही आली. पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा त्यांच्याच छापील वाक्याचा फोटो पाठवला आणि खाली दोनच शब्द लिहिले: ‘तारीख सांगा.’ आठवड्याभरात नवी प्रत आली, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी: चूक आमची, उत्तर द्यायची पद्धतही चूक. ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. म्हणूनच पाचपैकी चार देते, नाहीतर तीन दिले असते.

सदोष प्रत परत नको म्हणाले. ती काकूंनी मागून घेतली, मधली सोळा पानं नसली तरी चालतील म्हणून. मंगळवारी त्यांचा उजवा हात मोकळा असतो. पेन मी धरून ठेवते, लागलं की देते. वही सपाट उघडते म्हणून मांडीवर नीट राहते. परवा त्यांनी डाव्या पानावर एक ओळ लिहिली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या, आणि मग मला म्हणाल्या, ‘माझ्या फोनवरून माझ्या बहिणीचा नंबर लावून दे.’