सीडी४ ओळखणारी ‘आरपीए-टी४’ अँटिबॉडी : दीड वर्षाच्या वापरानंतर

मानवी रक्तातील मदतनीस टी पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) त्यांच्या पृष्ठभागावरील सीडी४ या प्रथिनावरून वेगळ्या ओळखण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत गेली दीड वर्षे आरपीए-टी४ या क्लोनची (एकाच पेशीवंशातून तयार होणारी, प्रथिनाच्या एकाच जागेला चिकटणारी), एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडलेली अँटिबॉडी वापरली जात आहे. हा क्लोन अनेक कंपन्या विकतात. आम्ही एकाच कंपनीच्या दोन लॉटच्या कुप्या वापरल्या आणि दोन्हींचे निकाल एकमेकांशी जुळले.

एफआयटीसी ४८८ नॅनोमीटरच्या निळ्या लेझरवर चालतो, म्हणजे साध्यातल्या साध्या फ्लो सायटोमीटरवरही (एकेका पेशीची चमक लेझरने मोजणाऱ्या यंत्रावरही) तो वापरता येतो. पीई या दुसऱ्या चमकणाऱ्या रंगाच्या तुलनेत तो मंद आहे. परंतु मदतनीस टी पेशींवर सीडी४ भरपूर असल्यामुळे ती उणीव जाणवत नाही, आणि पीईसारखा झळाळता रंग एखाद्या विरळ प्रथिनासाठी मोकळा राहतो.

माहितीपत्रकात १० लाख पेशींसाठी १०० मायक्रोलिटरमध्ये ५ मायक्रोलिटर अँटिबॉडी घ्यावी असे लिहिले आहे. आम्ही ५, २.५, १.२५ आणि ०.६ मायक्रोलिटर अशी मात्रा निम्म्याने उतरवत टायट्रेशन (योग्य मात्रा शोधण्याची चाचणी) केले. १.२५ पर्यंत चमकणारा आणि न चमकणारा असे दोन्ही गट एकमेकांपासून स्वच्छ दूर राहिले, ०.६ ला चमकणारा गट खाली सरकू लागला, तर ५ ला न चमकणाऱ्या पेशींचीच पार्श्वभूमी विनाकारण वाढलेली दिसली. १०० चाचण्यांची कुपी अशा रीतीने आम्हाला चौपट पुरते, आणि अनुदान मोजके असलेल्या प्रयोगशाळेला हा फरक फार मोठा आहे.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो मोनोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशींमुळे. पूर्ण रक्ताचे स्टेनिंग केल्यावर (पेशी अँटिबॉडीने रंगवल्यावर) आलेखात दोन नव्हे, तीन गट दिसतात : न चमकणारा, ठळक चमकणारा आणि मधला फिकट. हा मधला गट अँटिबॉडीचा दोष नसून मोनोसाइटच्या पृष्ठभागावर खरोखरच थोडे सीडी४ असते. नवे विद्यार्थी तोही गेटमध्ये (मोजायच्या पेशींभोवती आलेखावर आखलेल्या चौकटीत) घेतात आणि टी पेशींचे प्रमाण फुगवून मांडतात. दुसऱ्या रंगातील सीडी३ची अँटिबॉडी (सीडी३ हे प्रथिन टी पेशींवर असते, मोनोसाइटवर नसते) सोबत घेतल्याशिवाय या अँटिबॉडीचे आकडे कोणी छापू नयेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

एकदा पीएमए आणि आयोनोमायसिन या रसायनांनी उत्तेजित केलेल्या पेशींवर सीडी४ जवळपास नाहीसे झालेले दिसले, तेव्हा कुपी खराब झाली असे समजून मी ती टाकून देण्याच्या बेतात होते. प्रत्यक्षात पीएमएमुळे पेशी पृष्ठभागावरील सीडी४ आत ओढून घेतात. त्याच दिवशी उत्तेजित न केलेल्या नळीत गट जागच्या जागी होता. तेव्हापासून अशा प्रयोगांत आम्ही सीडी३ असलेल्या आणि सीडी८ (मारक टी पेशींवरील प्रथिन) नसलेल्या पेशी निवडतो, किंवा पेशीपटल सच्छिद्र केल्यानंतर सीडी४चे स्टेनिंग करतो.

क्लोनची निवड प्रश्नानुसार करावी लागते. सीडी४च्या पेशीबाहेरील चार खंडांपैकी सर्वांत बाहेरच्या पहिल्या खंडाला आरपीए-टी४ चिकटते, आणि एचआयव्हीचे जीपी१२० हे प्रथिनही तिथेच बसते. ती जागा आधीच व्यापलेली असण्याची शक्यता असेल, तर तिसऱ्या खंडाला चिकटणारा ओकेटी४ क्लोन बरा. मात्र काही निरोगी माणसांत आनुवंशिक बदलामुळे ओकेटी४ची जागाच वेगळी असते आणि त्यांच्या मदतनीस पेशी त्या क्लोनला दिसत नाहीत. नेहमीच्या मोजणीसाठी म्हणूनच मी आरपीए-टी४लाच पसंती देते. जिवंत पेशींची पुढे वाढ करायची असेल, तर सोडियम अझाइड (पेशींना विषारी ठरणारे टिकाऊपणासाठीचे रसायन) नसलेली कुपी मागवावी.

तक्रार आहे ती पुरवठ्याची. दुसऱ्या लॉटचा खोका वितरकाकडून आला तेव्हा आतील जेलच्या पिशव्या पूर्ण वितळलेल्या होत्या, आणि कुपी २ ते ८ अंशांबाहेर किती वेळ राहिली हे कोणीही सांगू शकले नाही. बदलून देण्याच्या विनंतीला तीन आठवडे उत्तर आले नाही. अखेर एकाच निरोगी दात्याच्या रक्तावर जुनी आणि नवी कुपी शेजारी शेजारी लावून पाहिली, दोन्ही आलेख एकमेकांवर बसले, तेव्हाच नवी कुपी रुग्णांच्या नमुन्यांसाठी उघडली. ते आलेख आम्ही त्या लॉटच्या क्रमांकासह वहीत चिकटवून ठेवले आहेत.