सायटिस ट्रेड डेटाबेस: दोन्ही रकाने वाचा, मगच भूमिका लिहा

सायटिस म्हणजे धोक्यातल्या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार. त्याच्या सदस्य देशांच्या परिषदेच्या १५० दिवस आधी प्रजातींच्या याद्या बदलण्याच्या प्रस्तावांची मुदत संपते आणि आमच्याकडे फायलींचा ढीग लागतो. पाठिंबा, विरोध की दुरुस्तीसह मान्य, हे ठरवायला बसले की मी आधी सायटिसचा ट्रेड डेटाबेस उघडते. १९७५पासूनच्या नोंदी, फुकट, लॉगिनची कटकट नाही, सीएसव्ही (तक्त्याची फाईल) लगेच उतरते.

खरा ऐवज तुलनात्मक तक्त्यात आहे. निर्यातदार देशाने कळवलेला आकडा आणि आयातदाराने कळवलेला, एकाच ओळीत शेजारी-शेजारी. ते जुळतातच असं नाही, आणि कारण बऱ्याचदा साधं असतं: एकाने दिलेले परवाने मोजले, दुसऱ्याने प्रत्यक्ष आलेला माल; डिसेंबरात निघालेली खेप जानेवारीत उतरली; एकाने कातडी नगांत लिहिली, दुसऱ्याने किलोत. तस्करीची बोंब ठोकण्याआधी एवढं तरी बघावं. एका खात्याच्या टिपणात तर दोन्ही रकान्यांची चक्क बेरीज मारून ‘एकूण व्यापार’ लिहिला होता! असा कागद बैठकीत नेला तर समोरचे चिंध्या करतात.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे स्रोताचे कोड. ‘डब्ल्यू’ म्हणजे निसर्गातून पकडलेलं, ‘सी’ म्हणजे बंदिस्त पैदाशीचं. डब्ल्यू अचानक आटून सी फुगलं, की विचारायचं: एवढी पैदास करणारी केंद्रं आहेत कुठे? परिशिष्ट एक (व्यावसायिक व्यापाराला जवळजवळ बंदी) की दोन (परवान्याने व्यापार), या वादात हा एक प्रश्न दहा पानी निवेदनाला भारी पडतो.

उणिवाही आहेत. वार्षिक अहवालाची मुदतच पुढच्या वर्षीच्या ३१ ऑक्टोबरची, त्यामुळे अलीकडची वर्षं अर्धवट असतात. आलेख शेवटी खाली आला म्हणून ‘मागणी घटली’ लिहू नये. देशांतर्गत विक्री यात नाही. यादीत नसलेल्या प्रजातीबद्दल तर जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि नव्या नोंदणीच्या प्रस्तावात नेमकी तीच माहिती लागते. तिथे निसर्गसंवर्धन संघटना आययूसीएन आणि वन्यजीव व्यापारावर नजर ठेवणारी संस्था ट्रॅफिक यांचं प्रस्तावांचं विश्लेषण वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

शेजारच्या टॅबमध्ये स्पीशीज+ हे प्रजातींच्या माहितीचं संकेतस्थळ असू द्या. प्रजाती कोणकोणत्या देशांत आढळते ते तिथे कळतं. प्रस्ताव मंजूर व्हायला लागणारी दोन तृतीयांश मतं जमवायची तर आधी त्या देशांशीच बोलावं लागतं.

माझे गुण: पाचपैकी चार. आणि आकडा उतरवल्याची तारीख तळटीपेत टाका, नोंदी मागाहून बदलतात.