इमारत उभी राहते, पुढे काय? साहाय्ययुक्त घरांच्या एका प्रशिक्षणाविषयी

अमेरिकेत दीर्घकाळ बेघर राहिलेल्या आणि आजार किंवा अपंगत्व असलेल्या माणसांसाठी कायमस्वरूपी साहाय्ययुक्त घरे, म्हणजे तिथल्या भाषेत ‘पर्मनंट सपोर्टिव्ह हाउसिंग’, कशी उभारावीत हे स्थानिक संस्थांना शिकवणारे कार्यक्रम अनेक राज्यांत चालतात. अशाच एका पाच महिन्यांच्या कार्यक्रमात आमची संस्था सहभागी झाली होती. आम्ही बरीच वर्षे रात्रनिवारा चालवत आलो आहोत, पण बांधकामाचा अनुभव आमच्यापैकी एकालाही नव्हता. मी संस्थेचे हिशेब पाहते, त्यामुळे हा अभिप्राय आकड्यांकडे थोडा अधिक झुकलेला आहे, हे आधीच सांगून टाकते.

कार्यक्रमातली सर्वांत मोलाची गोष्ट प्रवेशाच्या अटीतच होती. एकट्या संस्थेला प्रवेश मिळत नव्हता. विकासक, सेवा पुरवणारी संस्था आणि मालमत्तेचे व्यवस्थापन करणारी कंपनी अशा तिघांनी मिळून, स्वतःचा खरा प्रकल्प घेऊन यायचे होते. सुरुवातीला ही अट आम्हाला जाचक वाटली. दुसऱ्याच सत्रात तिचा अर्थ कळला. भाडे थकल्यास किती दिवसांनी नोटीस द्यायची, या साध्या प्रश्नावर आमची केस मॅनेजर (म्हणजे भाडेकरूंना उपचार, भत्ते आणि अडीअडचणींत मदत करणारी कर्मचारी) आणि व्यवस्थापन कंपनीचा प्रतिनिधी यांच्यात चांगलीच जुंपली, कारण एकीच्या दृष्टीने थकलेले भाडे ही आजार बळावल्याची खूण होती आणि दुसऱ्याच्या दृष्टीने तो कराराचा भंग होता. प्रशिक्षकांनी हा वाद मिटवला नाही. नोटिशीपूर्वी कोणी कोणाला कळवायचे आणि दारावर पहिली थाप कोणाची पडायची, हे त्यांनी आमच्याकडूनच लिहून घेतले. तोच कागद पुढे तिघांमधल्या कराराचा मसुदा झाला.

तत्त्वाची सत्रे नीटस होती, पण बरेचसे आम्हाला ठाऊक होते. न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेंबेरिस यांनी १९९२ साली सुरू केलेल्या कामातून ‘आधी घर’ हा विचार रुजला: व्यसन सुटण्याची किंवा उपचार पूर्ण होण्याची अट न घालता आधी घर द्यावे, सेवा देऊ कराव्यात, पण सक्तीच्या करू नयेत. वाक्य पाठ होते. पचायला वेळ लागला. रात्रनिवाऱ्यात दहा वाजता दिवे मालवण्याची आम्हाला सवय, आणि इथे भाडेकरार माणसाच्या स्वतःच्या नावावर, मुदतीची मर्यादा नाही; त्यामुळे त्याच्याकडे रात्री कोण येते, हे विचारण्याचा सामान्यतः आम्हाला अधिकारच उरत नाही. अशा इमारतीत स्वतः राहणाऱ्या एका बाईंना प्रशिक्षक म्हणून बोलावले होते. त्यांनी आमचा आराखडा पाहिला आणि प्रवेशद्वाराला लागून केस मॅनेजरची खोली दिसताच, ‘इथून जाताना रोज हजेरी दिल्यासारखे वाटेल,’ असे म्हणून कपडे धुण्याची खोली तिथे आणायला सुचवले. वास्तुविशारदाने तो बदल त्याच आठवड्यात केला.

आणखी एक गैरसमज दूर झाला. घरे झाली की आमच्याच निवाऱ्यातल्या माणसांना ती देता येतील, असे आम्ही गृहीत धरले होते. प्रत्यक्षात संघराज्य सरकारच्या बेघरविषयक निधीवर चालणाऱ्या घरांतल्या रिकाम्या जागा परिसराच्या सामाईक यादीतून, गरजेच्या क्रमाने भराव्या लागतात. शिवाय ‘दीर्घकालीन बेघर’ ठरण्यासाठी अपंगत्वाबरोबरच सलग १२ महिने, किंवा गेल्या तीन वर्षांत किमान चार वेळा मिळून १२ महिने बेघर असल्याची नोंद लागते. ही नोंद जपून ठेवण्याचे काम निवाऱ्याचे आहे, हे ऐकून मी परत गेल्या गेल्या आमची जुनी हजेरीपुस्तके शोधून काढली.

अर्थकारणाची सत्रे मात्र अव्वल होती. १९८६ च्या करसुधारणा कायद्यातून आलेले कमी उत्पन्नाच्या घरांसाठीचे टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरायच्या करातून थेट वजा होणारी सवलत, गुंतवणूकदार विकत घेतात आणि त्या पैशांतून इमारत बांधली जाते. नऊ टक्क्यांच्या क्रेडिटमधून जमीन वगळता पात्र खर्चाच्या साधारण ७० टक्के आणि चार टक्क्यांच्या क्रेडिटमधून साधारण ३० टक्के मूल्य उभे राहते. पहिल्यासाठी राज्याच्या गुणांकन योजनेनुसार चुरशीची स्पर्धा असते. हे सगळे पुस्तकात वाचायला मिळते. वर्गात जे मिळाले ते वेगळे होते. प्रशिक्षिकेने फळ्यावर एक काल्पनिक इमारत मांडली: वर्षाचे उत्पन्न चार लाख डॉलर, खर्च साडेतीन लाख. उत्पन्न दरवर्षी दोन टक्क्यांनी आणि खर्च तीन टक्क्यांनी वाढेल, असे धरून आम्हाला हाताने गणित करायला लावले. पन्नास हजारांचे शिलकी अंदाजपत्रक पंधराव्या वर्षी तुटीत गेले. टॅक्स क्रेडिटच्या अटी पाळण्याचा पहिला कालावधीही १५ वर्षांचाच असतो, आणि घरे परवडणारी ठेवण्याचे बंधन किमान ३० वर्षांचे. राखीव निधी किती असावा, हा प्रश्न त्यानंतर कोणी गंमतीने विचारला नाही.

भाडेकरू साधारणपणे आपल्या उत्पन्नाच्या ३० टक्के भाडे देतो. अपंगत्वाच्या भत्त्यावर जगणाऱ्या माणसाचे हे भाडे इमारतीच्या खर्चाला पुरत नाही, म्हणून इमारतीला जोडलेली व्हाउचर, म्हणजे उरलेले भाडे भरणारे सरकारी अनुदान, मिळवावी लागतात. इथपर्यंतचे सगळे शिक्षण चोख होते, आणि माझी तक्रार नेमकी इथून पुढे सुरू होते. क्रेडिटने इमारत होते आणि व्हाउचरने भाडे भागते, पण केस मॅनेजरचा पगार यांपैकी कशातूनही निघत नाही. वर्गात १५ भाडेकरूंमागे एक केस मॅनेजर असावा, असे सांगितले गेले. ते योग्यच आहे. तो पैसा कुठून आणायचा, यासाठी मात्र पाच महिन्यांत अर्धा दिवस दिला गेला. मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना, सर्वसाधारणपणे घराचे भाडे देत नाही, पण घर टिकवण्यासाठीच्या सेवांचे पैसे देऊ शकते, हे संघराज्याच्या पातळीवर २०१५ सालीच स्पष्ट झाले आहे. त्यासाठी देयके कशी तयार करायची, कोणती नोंद कोणत्या नमुन्यात ठेवायची, आमच्यासारख्या लहान संस्थेने ती यंत्रणा स्वतः उभारावी की एखाद्या दवाखान्याशी करार करावा, यावर एकही सराव झाला नाही. ज्या गोष्टीमुळे या घरांना ‘साहाय्ययुक्त’ म्हणायचे, तिचाच हिशेब सर्वांत पातळ होता.

दुसरी तक्रार वेळेची आहे. प्रशिक्षणानंतर दार उघडायला तीन वर्षे लागली. टॅक्स क्रेडिटच्या अर्जाची आमची पहिली फेरी गुणांअभावी वाया गेली, तो दोष सर्वस्वी आमचा. पण दरम्यान शिकून आलेल्या पाच जणांपैकी तिघे नोकरी सोडून गेले, आणि इमारत उघडण्याआधी नव्या कर्मचाऱ्यांसाठी उजळणीची काहीच सोय नव्हती. कार्यक्रमानंतरच्या सल्ल्यासाठी ठरलेले तास होते खरे, पण आमच्या वाट्याला आलेले सल्लागार अर्जाच्या शेवटच्या पंधरवड्यात फोनवर सापडेनात. व्हाउचरचे कलम आम्ही अखेर शेजारच्या परगण्यातल्या सहाध्यायी गटाला विचारून लिहिले.

शुल्क नव्हते, कारण खर्च राज्याची गृहनिर्माण वित्त संस्था करत होती. तरीही पाच माणसांचे महिन्याला दोन दिवस हा लहान संस्थेला मोठाच खर्च आहे, आणि जागा हाती नसताना तो करू नये, असे माझे मत आहे. ज्यांची जमीन निश्चित झाली आहे त्यांनी अवश्य अर्ज करावा. जाताना संचालकांबरोबर रात्रपाळीच्या एखाद्या कर्मचाऱ्यालाही न्यावे, आणि सेवांच्या पैशांचे सत्र किती तासांचे आहे, हे पहिल्याच दिवशी वेळापत्रक हाती घेऊन विचारावे.