बॉबर बनवलेली जुनी बुलेट रोजच्या वापरात: काही महिन्यांचा अनुभव

आधीच्या मालकाने हौसेने बॉबर (मडगार्ड आखूड करून, जास्तीचे भाग काढून सुटसुटीत केलेली गाडी) बनवलेली, कास्ट आयर्न इंजिनाची बुलेट ३५० मी पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरची थंडी नाशिकमध्ये पंचवटी ते सातपूर अशी रोज कामावर नेली आहे. माझ्या मते अशी गाडी घेताना रंग आणि टाकी पाहण्याआधी तिची मूळ चेसिस (सांगाडा) अखंड आहे का, हे पाहावे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हीच भूमिका कायम ठेवली. सुदैवाने या गाडीच्या चेसिसला कुठेही कटर लागलेला नव्हता. नोंदणीची पहिली १५ वर्षे संपल्यामुळे पाच वर्षांचे नूतनीकरण करणे भाग होते; त्यासाठी पेठ रस्त्यावरील आरटीओत नेण्यापूर्वी पावडर कोटिंगखाली बुजलेला चेसिस क्रमांक स्वच्छ वाचता येईल इतका मोकळा करून घेतला.

सर्वाधिक वेळ वायरिंगने घेतला. जुन्या तारांना ठिकठिकाणी नुसती टेप गुंडाळलेली होती आणि हेडलाइटचा सगळा प्रवाह हँडलवरच्या नाजूक बटणातून जात होता. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो. म्हणून त्याला स्वतंत्र रिले (बटणाऐवजी जास्तीचा प्रवाह स्वतःमधून नेणारा स्विच) आणि फ्यूज दिला, इंडिकेटर व हॉर्नसाठी वेगळी फ्यूज ठेवली आणि अर्थिंगची तार रंग खरवडून थेट धातूवर बसवली. ऐन पावसात एकदाही दिवा गेला नाही, याचे श्रेय मी पूर्णपणे या कामाला देतो.

मागचे रुंद टायर चाक धरणाऱ्या चिमट्याला घासत होते, त्यामुळे मूळ ३.२५-१९ मापावर परत आलो. स्पोक नव्याने आवळून रिमचा आऊट (डगमग) काढला, ब्रेकचे ड्रम लेथवर साफ करून नवे लायनर घातले. मागचा आखूड मडगार्डही बदलला, कारण मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण, हाताला पकड आणि पायदान नियमानेच आवश्यक आहे. आई साडी नेसून मागे बसते, त्यामुळे या बाबतीत दिसण्याचा विचार मला मुळीच करावासा वाटला नाही.

सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना मात्र पुढच्या ड्रम ब्रेकची मर्यादा जाणवते: सतत दाबून ठेवल्यास तो तापून ढिला पडतो, म्हणून घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकून इंजिनाच्या ओढीवर उतरावे लागते. खड्ड्यांत मागचे आखूड शॉकअप अजूनही पाठीला धक्के देतात. मूळ लांबीची जोडी बसवणे हे पुढचे काम आहे, आणि त्याच वेळी कोनसेटही (हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग) उघडून तपासून घेणार आहे.