पायथनमधील ‘विथ’ : जिनिंगच्या वजनकाट्यावरून केलेले परीक्षण

पायथन या प्रोग्रामिंग भाषेतील ‘विथ’ या रचनेचे काम थोडक्यात सांगता येते. तिच्या खाली लिहिलेला कोडचा भाग संपला, मग तो सुरळीत संपो, मध्येच ‘रिटर्न’ने संपो किंवा एखाद्या त्रुटीमुळे तुटो, की आधी नेमून दिलेली आवराआवर, म्हणजे उघडलेली फाइल किंवा जोडणी बंद करण्यासारखे काम, आपोआप होते. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगच्या आवारात वजनकाट्याच्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम मी सांभाळतो, आणि कापसाच्या हंगामात मी सर्वाधिक विसंबतो ते याच सोयीवर. गावखेड्यात एकट्याने सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या प्रत्येकाने ती शिकून घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच नीट समजून घ्याव्यात.

काट्याचा वजनदर्शक सिरियल पोर्टमधून (केबल जोडण्याच्या जागेतून) आकडे संगणकाकडे पाठवत राहतो. भरलेली गाडी काट्यावर उभी राहिली की प्रोग्राम पोर्ट उघडतो, वजन स्थिर होईपर्यंत वाचतो आणि पोर्ट बंद करतो. केबल हलली आणि अर्धवट ओळ आली, तर तिचा आकडा करताना त्रुटी उद्भवते. ही त्रुटी वरच्या पातळीवर पकडून प्रोग्राम चालू ठेवला, पण पोर्ट बंद करणारी ओळ त्रुटीच्या जागेपुढे राहून गेली असेल, तर पोर्ट उघडाच राहू शकतो. कारण त्रुटीचे ऑब्जेक्ट जोवर जपून ठेवलेले असते, तोवर त्याला जोडलेला ट्रेसबॅक (त्रुटी कोठे झाली याची नोंद) त्या फंक्शनमधील सगळी चले (व्हेरिएबल्स) धरून ठेवतो. विंडोजवर उघडा असलेला पोर्ट दुसऱ्यांदा उघडता येत नाही, त्यामुळे पुढच्या गाडीचे वजनच घेता येत नाही आणि शेतकरी रांगेत ताटकळतात. सिरियल पोर्ट हाताळणारे ‘पायसिरियल’ हे मॉड्यूल (तयार कोडचा संच) ‘विथ’सोबत चालते, म्हणून पोर्ट उघडण्याची ओळ ‘विथ’ने सुरू केली की हा धोका टळतो.

हे काम ‘ट्राय’ आणि ‘फायनली’ (त्रुटी आली तरी शेवटी चालणारा भाग) यांनीही होते, परंतु तेथे आवराआवर प्रत्येक ठिकाणी आठवणीने लिहावी लागते. ‘विथ’मध्ये ती वस्तूच्या क्लासमध्ये (तिच्या आराखड्यात) एकदाच लिहिली जाते आणि वापरणाऱ्याला विसरण्याची संधीच उरत नाही. पायथनचे निर्माते गिडो व्हॅन रॉसम आणि अलिसा कॉघलन यांनी लिहिलेल्या पेप ३४३ या प्रस्तावातून ही रचना २००६ मध्ये पायथन २.५ सोबत आली.

पायथन ३.३ मध्ये ‘कॉन्टेक्स्टलिब’ या मॉड्यूलात दाखल झालेला ‘एक्झिटस्टॅक’ मला मूळ रचनेइतकाच मोलाचा वाटतो. एखाद्या आवारात एक काटा असतो, एखाद्यात दोन. कोठे पावतीचा प्रिंटर जोडलेला असतो, कोठे नसतो. कोणती साधने उघडायची हे प्रोग्राम सुरू झाल्यावरच कळत असेल, तर ती एकेक करून या स्टॅकमध्ये टाकता येतात. शेवटी उघडलेले साधन सर्वांत आधी बंद होते, आणि तिसरे उघडताना त्रुटी आली तर आधीची दोन तशीच लटकत राहत नाहीत.

आता दोषांकडे वळतो. पायथनसोबत येणाऱ्या, एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसच्या मॉड्यूलात कनेक्शन थेट ‘विथ’मध्ये वापरले, तर शेवटी व्यवहार (एकत्र नोंदायच्या बदलांचा गट) पक्का होतो किंवा त्रुटी आल्यास मागे घेतला जातो, पण कनेक्शन मात्र बंद होत नाही. फाइलच्या बाबतीत जे घडते तेच येथेही घडेल असे कोणीही गृहीत धरेल, म्हणून ही विसंगती मला खरोखर खटकते. ते बंद व्हावे यासाठी ‘कॉन्टेक्स्टलिब’मधील ‘क्लोजिंग’ वापरावे. पायथन ३.१३ पासून बंद न केलेल्या कनेक्शनबद्दल इशारा देण्याची सोय झाली आहे, हे बरे झाले. दुसरा धोका स्वतः क्लास लिहिणाऱ्यांसाठी आहे : बाहेर पडतानाच्या मेथडने ‘ट्रू’ परत केले, तर आतली त्रुटी गिळली जाते आणि वजन नोंदले न जाताही सारे ठीक असल्याचे भासते.

आमच्याकडे भारनियमन असते, त्यामुळे पुढचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. वीज गेली किंवा ऑपरेटिंग सिस्टमने प्रोसेस बळाने मारली, तर ‘विथ’ची आवराआवर चालतच नाही. लिनक्सवर सर्व्हिस थांबवताना सहसा पाठवला जाणारा ‘सिगटर्म’ हा संकेतही प्रोग्रामने स्वतः हाताळला नाही, तर पायथन ती आवराआवर न करताच संपते. म्हणून वजनांच्या नोंदींची सुरक्षितता ‘विथ’वर सोपवू नये, अर्धवट राहिलेला व्यवहार पुढच्या वेळी डेटाबेस उघडताना मागे घेण्याची व्यवस्था एसक्यूलाइटच्या जर्नलमध्ये (त्याच्या तात्पुरत्या नोंद-फाइलमध्ये) आहे, आणि विश्वास तिच्यावर ठेवावा.

गो या प्रोग्रामिंग भाषेतील ‘डिफर’ही, म्हणजे आवराआवर शेवटी करण्याची तिथली सोय, मी वापरले आहे. ते लिहायला सोपे आहे, मात्र ते फंक्शन संपल्यावर चालते, आतला ब्लॉक संपल्यावर नाही. त्यामुळे लूपमध्ये एकामागून एक फाइल्स उघडल्या तर त्या सर्व फंक्शन संपेपर्यंत उघड्या राहतात. दिवसभर चालणाऱ्या काट्याच्या लूपसाठी मला पायथनची रीत अधिक योग्य वाटते.

शेवटी, जुन्या संगणकांविषयी. विंडोज ७ वर चालणारी शेवटची मालिका पायथन ३.८ ही आहे, त्यामुळे अनेक साधने कंसात मांडून एकाच ‘विथ’मध्ये ओळीओळीने लिहिण्याची पायथन ३.१० मधील सोय तेथे मिळत नाही. अशा यंत्रावर ‘एक्झिटस्टॅक’ वापरावा. तो तेथे व्यवस्थित चालतो.